बिलावरचं नाव

आमच्या इमारतीत जिन्याखाली मीटररूम आहे. तिथे दोन कंपन्यांची मीटरं शेजारीशेजारी बसवलेली आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे एका कंपनीची वीज येते, समोरच्या बिऱ्हाडात दुसरीची. दिवे दोन्हीकडे सारखेच लागतात, आणि गेलेच तर बहुतेक वेळा एकदम जातात, कारण तारा त्याच आहेत. फरक पडतो तो बिलात. कोणती कंपनी स्वस्त, हे दरवेळच्या दर-आदेशानुसार आणि तुम्ही महिन्याला किती युनिटं जाळता त्यानुसार बदलतं. मी गेल्या बारा महिन्यांची बिलं स्प्रेडशीटमध्ये घालून दोन्ही दरपत्रकांनी हिशोब केला (हा माझा रविवारचा विरंगुळा आहे, हसू नका). कंपनी बदलली तर महिन्याला दोनेकशे रुपये वाचतील असं दिसलं. रक्कम मोठी नाही, पण सोडून द्यावी इतकी लहानही नाही. म्हणून घरमालक काकांना फोन केला.

"काका, विजेची कंपनी बदलू या का? माझ्या वापराला दुसरी जरा स्वस्त पडतेय."

"कशाला त्या भानगडीत पडतोस? मीटर माझ्या नावावर आहे."

"पण बिल मी भरतो ना."

"भर की. कोण नको म्हणतंय?"

काका वाईट माणूस नाहीत. गीझर बिघडला तेव्हा दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला होता. म्हणूनच त्यांचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्यात दुष्टावा नव्हता. त्यांना खरोखरच प्रश्न समजला नव्हता. भरायचं मी, ठरवायचं त्यांनी, यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. आणि खरं सांगायचं तर ते एकटे नाहीत. आपली अख्खी वीजव्यवस्था तसंच समजून चालते.

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी थोडा इतिहास. भारतात जवळजवळ सगळीकडे घरगुती ग्राहकाला वीज कोणाकडून घ्यायची हे ठरवता येत नाही. ज्या भागात राहता तिथे जो वितरक असेल तो. खुद्द मुंबईतही शहर भागात बेस्ट आहे आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण. पण उपनगरांत एक अपघात घडला. टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीची जलविद्युत सुरू केली. त्या उद्योगाचे परवाने १९०७, १९१९, १९२१ आणि पुढे १९५३ चे. हे परवाने फक्त घाऊक विजेचे आहेत की त्यांवर घरोघरीही वीज विकता येते, यावरून टाटा आणि रिलायन्स यांच्यात भांडण लागलं. ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की टाटा लहानमोठ्या सगळ्याच ग्राहकांना वीज देऊ शकतात. पण घरोघरी पोचलेल्या तारा होत्या रिलायन्सच्या. त्यावर १५ ऑक्टोबर २००९ च्या आदेशाने महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने तोडगा काढला: ग्राहकाने कंपनी बदलली तरी तारा जुन्याच राहतील, आणि त्या वापरल्याबद्दल वहन आकार, म्हणजे व्हीलिंग चार्ज, तारांच्या मालकाला मिळेल. याला इथे चेंजओव्हर म्हणतात. २०१८ मध्ये रिलायन्सचा हा व्यवसाय अदानींकडे गेला, व्यवस्था तीच राहिली.

या व्यवस्थेकडे जरा माझ्या जागेवरून बघा. एका कंपनीची वीज दुसऱ्या कंपनीच्या तारांत राहते आणि त्याचं भाडं भरते. तारांचा मालक तिला 'माझ्या तारा आहेत, मी ठरवणार' असं म्हणू शकत नाही. म्हणजे विजेला भाडेकरू म्हणून जो हक्क २००९ मध्ये मिळाला, तो तीच वीज वापरणाऱ्या भाडेकरू माणसाला अजून मिळालेला नाही.

कायद्यात तशी तरतूद नाही का? गंमत म्हणजे आहे. विद्युत अधिनियम २००३ चं कलम ४३ म्हणतं की एखाद्या जागेच्या 'मालकाने किंवा भोगवटादाराने' अर्ज केला की वितरकाने त्या जागेला वीज द्यायची आहे. मालक किंवा भोगवटादार. 'मालकाच्या परवानगीने भोगवटादार' असं तिथे लिहिलेलं नाही. त्याच कायद्यात ग्राहकाची व्याख्या आहे, कलम २(१५). तीत ज्याला वीज पुरवली जाते तो माणूस आहेच, शिवाय ज्याची जागा त्या वेळी वितरकाच्या यंत्रणेला जोडलेली आहे तोही आहे. मे २०२२ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं: वीज ही मूलभूत सोय आहे, घरमालक ना-हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही, वीज कंपनीने फक्त अर्जदार त्या जागेत राहतो का एवढंच पाहायचं.

'भोगवटादार' हा शब्द मला फार आवडतो. सातबाऱ्यामुळे तो आपल्या ओळखीचा आहे, आणि इथे त्याचं मोल वेगळंच आहे. मुंबई-पुण्यात आपण स्वतःला भाडेकरू म्हणवतो, पण अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतोच. तो परवानाधारक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम २९ घरमालकाला पाणी-वीज तोडायला मनाई करतं, पण ते 'भाडेकरू'बद्दल बोलतं, आणि तिथे आपली गाडी अडकते. वीज कायद्याने मात्र हा घोळ घातला नाही. घरात राहतं कोण, एवढाच त्याचा प्रश्न आहे.

मग अडतं कुठे? बिलावरच्या नावाशी. कनेक्शन काकांच्या नावावर आहे. म्हणून कंपनीच्या संगणकात ग्राहक काका आहेत. म्हणून बदलाच्या अर्जावर सही त्यांची हवी. मी नवं कनेक्शन मागायला गेलो तर कलम ४३ माझ्या बाजूने आहे, पण ज्या घरात आधीच मीटर आहे तिथे दुसरं कोण कशाला देईल? उरतो मार्ग नाव बदलून घेण्याचा, आणि तिथे काका म्हणतात, "नाव? अजिबात नाही."

आणि ही फक्त दोनशे रुपयांची गोष्ट नाही. आधीच्या घरात आमचं मीटर बंद पडलं होतं. तीन महिने सरासरीने बिल आलं, माझ्या खऱ्या वापराच्या जवळजवळ दुप्पट. मी भरत राहिलो, कारण न भरावं तर वीज माझी तुटणार. तक्रार केली तर उत्तर आलं की ग्राहकाने अर्ज करावा. ग्राहक, म्हणजे घरमालक, तेव्हा मुलीकडे परदेशात होते. शेवटी मीटर बदललं, हिशोब दुरुस्त झाला, जास्तीचे पैसे पुढच्या बिलांत वळते झाले. तोवर मी घर सोडलं होतं. माझ्या साडेचार हजारांत माझ्यानंतरच्या माणसाचा एसी चालला. त्याचा दोष नाही, त्याला कळलंही नसेल.

आता याच्या उलट बाजू बघा. कलम १२६ हे अनधिकृत वापराबद्दलचं कलम आहे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला मीटरमध्ये फेरफार दिसला किंवा घरगुती विजेवर धंदा चालू दिसला, तर तो जी आकारणी करतो तिचा आदेश कोणावर बजावायचा? कायदा सांगतो: जागेचा भोगवटा, ताबा किंवा कारभार ज्याच्याकडे आहे त्याच्यावर. तिथे बिलावरचं नाव आड येत नाही. दंड वसूल करायचा असेल तर मी कोण हे कायद्याला बरोबर दिसतं. परतावा द्यायचा असेल, कंपनी निवडू द्यायची असेल, तक्रार ऐकायची असेल, तर मात्र मी अचानक अदृश्य होतो.

घरमालकांची बाजू मला समजते, निदान तिचा अर्धा भाग. भाडेकरूच्या नावावर लाइटबिल आलं की तो घर बळकावणार, ही मुंबईतली जुनी भीती आहे, आणि ती हवेतून आलेली नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने आणि पागडीने काय काय घडलं ते घराघरांत सांगितलं जातं. पण ती भीती आज लीव्ह अँड लायसन्सला लागू होत नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम २४ म्हणतं, मुदत संपली की परवानाधारकाने जागा सोडायची. नाही सोडली तर दुप्पट दराने भरपाई. आणि लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा. ज्याच्या हातात नोंदवलेला करार आहे त्याने लाइटबिलाला घाबरायचं काही कारण नाही. गॅसचं कार्ड, बँकेचं पासबुक, आधार, सगळ्यांवर आज माझा हाच पत्ता आहे आणि काकांचं घर काकांचंच आहे.

दुसरी भीती खरी आहे: भाडेकरू बिल बुडवून गेला तर? थकबाकी जागेला चिकटते. जुनी बाकी भरल्याशिवाय त्या जागेला नवी जोडणी न देण्याचा नियम करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मान्य केलं आहे. तेव्हा मालकाचं म्हणणं उडवून लावता येणार नाही. पण याचं उत्तरही त्याच कायद्यात आहे. कलम ४७(५): ग्राहक प्रीपेड मीटर घ्यायला तयार असेल तर वितरकाला त्याच्याकडून अनामत मागता येत नाही. प्रीपेडवर बाकी राहतच नाही. सगळ्यांवर प्रीपेड लादण्याला माझाही विरोध आहे, पण ज्याला स्वतःच्या नावाने वीज हवी आहे त्याने स्वखुशीने घ्यायला काय हरकत आहे?

आणि ज्यांना फक्त भीती नाही तर नफाही आहे, त्यांच्याबद्दल बोलायला हवं. इंजिनिअरिंगची शेवटची दोन वर्षं मी पुण्यात एका पीजीत काढली. एका बंगल्यात सहा खोल्या, एक मुख्य मीटर, खोलीगणिक सबमीटर. दर युनिटला चौदा रुपये, मालकीणबाईंनी ठरवलेला. आम्ही विचारलं, हा दर कुठून आला? "लाइट महाग झालीये." त्यावर आम्ही गप्प बसलो, कारण परीक्षा जवळ होती आणि दुसरी खोली शोधायची कोणालाच हौस नव्हती.

नंतर नोकरीला लागल्यावर मी तो हिशोब मांडून पाहिला. महाराष्ट्रात घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. पहिली शंभर युनिटं सर्वांत स्वस्त. समजा सहा खोल्यांत प्रत्येकी ९० युनिटं. सहा मीटर असते तर सगळीच्या सगळी ५४० युनिटं सर्वांत खालच्या दरात बसली असती. एका मीटरवर मात्र फक्त पहिली शंभर तिथे बसतात, पुढची दोनशे दुसऱ्या टप्प्यात, त्यापुढची दोनशे तिसऱ्यात, आणि चाळीस सर्वांत महाग. सहा मीटरांचा स्थिर आकार सहा वेळा भरावा लागला असता, हे खरं, तो वजा करायलाच हवा. पण गरिबाला म्हणून जो स्वस्त टप्पा ठेवला आहे तो एका खोलीत राहणाऱ्या, एक पंखा नि एक लॅपटॉप चालवणाऱ्या पोराला मिळतच नाही. त्याला श्रीमंताचा टप्पा लागतो, आणि वर मालकाचा नफा. कायद्यात विजेच्या 'व्यापारा'ची व्याख्या आहे: पुन्हा विकण्यासाठी वीज विकत घेणे. असा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, हे कलम १२. शब्दशः वाचलं तर चौदा रुपयांचा दर लावणाऱ्या आमच्या मालकीणबाई विनापरवाना वीजव्यापारी ठरतात. त्यांना हे कळलं असतं तर कदाचित आवडलंही असतं.

दिल्ली सरकारला हा घोळ २०१९ मध्ये कळला. दोनशे युनिटांपर्यंत वीज मोफत केली, आणि लक्षात आलं की लाखो माणसं सबमीटरवर राहतात, त्यांना छदाम मिळत नाही. मग त्याच वर्षी 'मुख्यमंत्री किरायेदार बिजली मीटर योजना' आली: भाडेकरूला स्वतःचं प्रीपेड मीटर, तीन हजार रुपये भरून, भाडेकरार किंवा भाडेपावती दाखवून, घरमालकाच्या ना-हरकतीशिवाय. कर्नाटकाने २०२३ च्या गृहज्योतीत भाडेकरूंना धरलं. म्हणजे मतांची गरज पडली की भाडेकरू कोण आहे हे शोधता येतं.

बाहेर काय चालतं? ब्रिटनमध्ये बिल थेट भाडेकरू भरत असेल तर पुरवठादार निवडण्याचा हक्क त्याचा, अशी तिथल्या नियामकाची, ऑफजेमची, भूमिका आहे. मालक स्वतः बिल भरून भाडेकरूकडून पैसे घेत असेल तर निवड मालकाची, पण त्याने जो दर दिला त्याच्या वर एक पेनीही लावता येत नाही. जर्मनीत मालक छतावर सौरपॅनेल लावून ती वीज भाडेकरूंना विकू शकतो, २०१७ पासून त्यासाठी खास कायदा आहे. पण विजेचा करार भाडेकराराला बांधायला मनाई आहे, आणि दर तिथल्या मूळ पुरवठा-दराच्या ९० टक्क्यांपर्यंतच. घर एकाचं म्हणून त्यातली वीजही त्याचीच, हे तिथे गृहीत नाही. ब्रिटनचं सगळं आलबेल आहे असं नव्हे. २०२१-२२ मध्ये गॅसचे भाव भडकले तेव्हा तिथले दोन डझनांहून जास्त पुरवठादार बुडाले, आणि 'निवड' केलेल्या लोकांना नियामकाने दुसऱ्या कंपन्यांकडे वाटून टाकलं.

इथे कोणीतरी म्हणणार: तू स्पर्धेच्या, पर्यायाने खाजगीकरणाच्या बाजूने बोलतोयस. जानेवारी २०२३ मध्ये महावितरणचे कर्मचारी समांतर परवान्याविरुद्ध संपावर गेले होते. त्यांची भीती, की नवी कंपनी मोठी गिऱ्हाइकं उचलेल आणि शेतीपंप, वाड्यावस्त्या सरकारी कंपनीच्या गळ्यात राहतील, मला रास्त वाटते. २०२२ च्या दुरुस्ती विधेयकात एकाच तारांवरून अनेक वितरकांना परवानगी देण्याचा बेत होता. त्याच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण 'ग्राहकाला निवड' असं म्हणत होता आणि विरोध करणारा प्रत्येक जण 'ग्राहकाची फसवणूक' म्हणत होता. मला दोघांनाही विचारायचं आहे: ग्राहक म्हणजे कोण? पनवेलला घर घेऊन गोरेगावात भाड्याने राहणारा माणूस कुठला ग्राहक? पनवेलच्या बंद घराच्या विजेचा तो ग्राहक आहे, आणि जिथे झोपतो, जेवतो, लॅपटॉप लावतो तिथल्या विजेचा नाही.

शिवाय एकच वितरक असलेल्या भागातही निवडी असतातच. २०२१ मध्ये आपल्या आयोगाने हरित दर आणला. तेव्हा युनिटमागे ६६ पैसे जास्त भरून पूर्ण अपारंपरिक वीज मागता येत होती. मंजूर भार किती ठेवायचा, बिल कुठल्या ईमेलवर जायचं, तक्रार करायची की नाही, हे सगळं खातेदार ठरवतो. छतावरच्या सौरपॅनेलांचं अनुदान तर छतवाल्यालाच. भाडेकरूच्या वाट्याला यातलं फक्त भरणं येतं.

आता माझ्या धंद्यातलं थोडं. आम्ही सॉफ्टवेअरवाले एक चूक वारंवार करतो: मालक आणि वापरणारा एकच असेल असं धरून टेबल बनवतो, आणि मग पाच वर्षं पॅच मारत बसतो. वीज कंपनीच्या खात्यात आज नावासाठी एक जागा आहे. तिथे दोन हव्यात. मालक, आणि भोगवटादार. भोगवटादारापुढे दोन तारखा, पासून आणि पर्यंत. ही माहिती कुठून आणायची हा प्रश्नही नाही. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे आणि ती ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा देऊन. पत्ता, दोन्ही पक्ष, मुदत, सगळं सरकारच्या संगणकात आधीच आहे. करार नोंदला की त्याचा क्रमांक टाकून भोगवटादार खात्याला जोडायचा. 'पर्यंत'ची तारीख उलटली की खातं आपोआप मालकाकडे. तेवढ्या काळात कंपनी निवडणं, तक्रार करणं, परतावा घेणं भोगवटादाराकडे. थकबाकीही त्याच्याच डोक्यावर, मालकाच्या नव्हे. हे करायला नवा कायदा लागत नाही. आयोगाचं एक विनियम आणि दोन-चार महिन्यांचं काम. मला दिलं तर मी करेन, अगदी जाड जावा कोडमध्येसुद्धा.

ज्यांचा करार नोंदलेलाच नाही, पीजीतली पोरं, चाळीतले पोटभाडेकरू, त्यांचं काय? त्यांच्यासाठी दिल्लीसारखं भाडेपावतीवर मीटर, आणि ते होईपर्यंत ब्रिटनसारखा साधा नियम: सबमीटरवर वितरकाच्या दरापेक्षा जास्त घ्यायचं नाही, आणि मुख्य मीटरचं बिल भिंतीवर लावायचं. कागदाचा एक तुकडा आणि चिकटपट्टी.

माझा करार पुढच्या महिन्यात संपतोय. नव्या मसुद्यात मी एक कलम घातलं आहे: करारकाळात वीजपुरवठादार निवडण्याचा अधिकार परवानाधारकाचा राहील, मालक त्यासाठी लागणाऱ्या अर्जावर सही करतील, बिलाची जबाबदारी परवानाधारकाची, आणि परतावा निघाला तर तो ज्याने भरले त्याला. एजंट वाचून म्हणाला, "असं कोणी टाकत नाही, सर." मी म्हटलं, टाका. काकांना मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला आहे. निळ्या टिका आल्या आहेत, उत्तर नाही. अंगठे द्यायला एजंट शनिवारी येणार आहे.